चार नंबरचा तुकडा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण चुका काढायला. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाला मेलेल्या काकांचा फोन येतो... मी पेन्सिल घेऊन बसते. इथे साक्षीदार नाही. इथे वेळ जुळत नाही. इथे माणूस तापात होता. हे सदर बंद करा, लोकांची डोकी आधीच काय कमी बिघडली आहेत, अशी दोन पत्रंही मी संपादकांना लिहिली होती. एकही छापलं नाही. हे तिसरं. हे छापा. आणि वाचणाऱ्यांनीही पेन्सिल घेऊनच वाचावं. चूक सापडली तर मला ती हवीच आहे.

मी बसवकल्याणची, आम्ही नुसतं कल्याण म्हणतो. कॉलेजात जायच्या आधीपासून भानामतीविरुद्ध पत्रकं वाटत आले. आमच्या बिदर-गुलबर्ग्याच्या पट्ट्यात कुणाच्या घरात कपडे पेटले, कुणाच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठल्या, की गावातली एखादी एकटी बाई धरायची आणि बडवायची. आम्ही चार-पाच जण सायकलीवर त्या गावात जायचो, पत्रकं वाटायचो, शिव्या खायचो, परत यायचो. पत्रक लिहायला मला गुरुजींनी शिकवलं. गुरुजी म्हणजे आमच्या मराठी शाळेतले निवृत्त शिक्षक. पाटीवर अक्षरं गिरवून घेतली तीही त्यांनीच. "वाक्य लहान कर. विशेषण काढ. पुरावा दे." एवढंच त्यांचं व्याकरण. घरच्या कुणापेक्षाही ते मला जवळचे. खोट एकच, गालात कायम तंबाखू. बोललं की हसायचे, "पोरी, देव सुटला गं, तंबाखू सुटंना."

पुढे मी गुलबर्ग्याच्या एका संस्थेत पीएचडीला लागले. संस्थेचं नाव घेत नाही. विषय, कर्करोगाची मॉलिक्युलर बायॉलॉजी. साध्या भाषेत सांगायचं तर पेशीतल्या कुठल्या जीनमध्ये बिघाड झाला की ती पेशी थांबायचं विसरते आणि वाढतच सुटते, हे शोधायचं. त्यातही मी तोंडाचा कॅन्सर घेतला. दुसरा घ्यायची मला लाज वाटली असती. आमच्याकडे मिसरूड फुटायच्या आत पोरांच्या खिशात गुटखा असतो, बाया उठल्या की मिसरी लावतात, आणि शाळेच्या फाटकासमोर पुड्यांच्या माळा लटकतात — फाटकासमोर! कुणाला काही वाटतं? नाही. मग रोग झाला की म्हणायचं करणी.

२०१० च्या उन्हाळ्यात कल्याण तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही तपासणी शिबिर घेतलं. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असलेली चोवीस माणसं निघाली. डॉक्टर प्रत्येकाच्या गालातून जोंधळ्याच्या दाण्याएवढा तुकडा काढायचे. त्याचे दोन भाग. एक औषधाच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजिस्टकडे, म्हणजे रोग आहे की नाही ते तो सांगणार. दुसरा प्लास्टिकच्या बारीक नळीत घालून आमच्या लॅबच्या उणे ऐंशी डिग्रीच्या फ्रीझरमध्ये, माझ्या संशोधनासाठी. बाटलीवर आणि नळीवर नाव नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ते एकट्या माझ्या वहीत.

आठ नंबर गुरुजी. मीच त्यांना दंडाला धरून आणलं होतं. चार नंबर बिरूमामा, म्हणजे मेंढरं राखणारा एक धनगर. साठीचा, काटक. उन्हाळ्यात कल्याणकडे, पाऊस लागला की गुलबर्ग्याजवळ आळंद-कडगंचीकडे, असा कळप घेऊन फिरणारा. त्याचा अंगठा घेतला त्या कागदावर संमती इंग्रजीत आणि कन्नडमध्ये छापली होती. त्याला बोलता दोन्ही भाषा येत होत्या, मराठी आणि कन्नड. वाचता एकही येत नव्हती. मी भराभरा सांगितलं, त्याने मान हलवली. झाली संमती.

रिपोर्ट आले. चार नंबर: कॅन्सर. आठ नंबर: साधा चट्टा, तंबाखू सोडा, काळजी नको. मी गुरुजींना पेढा भरवला. बिरूमामाची ऑपरेशनची तारीख मीच धावपळ करून मिळवली. खालच्या जबड्याचा अर्धा भाग काढावा लागणार होता. मामा आलाच नाही. दुसरी तारीख घेतली, तेव्हाही नाही. मी तणतणत कडगंचीला गेले. तिथे नव्या केंद्रीय विद्यापीठासाठी जागा आखत होते त्याच्या पलीकडे, माळावर, बाभळीखाली तो बसला होता.

"मामा, तारखेला आला न्हाईत. कामून?"

"मला काय झालंय म्हून येऊ? जेवायलोय, फिरायलोय. तू म्हनलीस म्हून तंबाखू बी टाकली."

"तपासणीत आलंय मामा. तुमच्या गालातला तुकडा काढला न्हवं, त्यात वाईट रोग हाय."

"मग त्यो तुकडा माजा नसंल."

माझं डोकं फिरलं. वर्षानुवर्षं हेच ऐकत होते — मला नाही झालं, मला होणार नाही, देव आहे. मी भर माळावर ओरडले. तुमच्यासारख्या अडाणी माणसांमुळेच हा भाग मागे राहिला, उद्या तोंड सडल्यावर माझ्याकडे येऊ नका... बरंच काही बोलले. आता लिहवत नाही. मामाने सगळं ऐकून घेतलं. मग एका कोकराच्या कानातली गोचीड काढत म्हणाला,

"वरडायलीस कशाला लेकी? मला दाव की. माजा तुकडा मला दाव. माजा असंल तर उद्या जबडा काप म्हनतो."

चार वर्षं मी लोकांच्या तोंडातल्या तुकड्यांवर काम करत होते. माझा तुकडा मला दाखव, असं कुणी म्हटलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं, बघायचाय का म्हणून. काय असेल ते, मला त्याचं हे बोलणं म्हणजे आव्हान वाटलं. म्हटलं, चला.

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास तो लॅबमध्ये आला. आमचे गाइड सर बेंगळुरूला गेले होते. लॅबमध्ये मी आणि आमचे अटेंडंट शरणूअण्णा, आळंदचे, कन्नड शाळेत शिकलेले, तीस वर्षं नोकरी झालेले. खोटं पाडायचंच तर नीट पाडावं, ही गुरुजींची शिकवण. मी सगळ्या चोवीस नळ्यांवरच्या नंबरांवर पांढरी पट्टी चिकटवली. शरणूअण्णांना रॅक बाहेर नेऊन नळ्या उलटसुलट लावायला सांगितल्या. कुठली कुठे आहे हे मलाही माहीत नको. मग तो रॅक कोरड्या बर्फाच्या डब्यात ठेवून मामासमोर आणला. फ्रीझरमधून नळी काढली की क्षणात तिच्यावर पांढरा थर बसतो. आतला तुकडा मला दिसत नव्हता, शरणूअण्णांना दिसत नव्हता, कुणालाच दिसणं शक्य नव्हतं.

"हं मामा. वळखा."

तो वाकून बघेल, हात लावायला जाईल, काहीतरी पुटपुटेल असं मला वाटलं होतं. तसं काही नाही. दोन पावलं मागे सरला, फरशीवर उकिडवा बसला आणि सबंध रॅकवरून एकदा नजर फिरवली. दोन कळप एका तळ्यावर मिसळतात तेव्हा मेंढपाळ असा बसतो, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. शेकडो मेंढरांतून तो आपली वेगळी काढतो. पण मेंढराला तोंड असतं हो! या सारख्या, पांढऱ्या, करंगळीएवढ्या नळ्या होत्या.

"ती. तिसऱ्या वळीतली, कडंची."

मी पट्टी काढली. आकडा इंग्रजी 8.

मी हसले. खरंच मोठ्याने हसले. "मामा, चुकलं! तुमचा नंबर चार. बरं झालं, आता तरी ऐका."

"चार नंबर कंचा हाय मग?"

शोधून दाखवला. आता मात्र तो उठून जवळ आला. बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिला.

"ह्ये माजं न्हाई. ह्ये बिचारं लई आजारी हाय गं. ज्येचं हाय त्येला हुडक आदी."

माझं हसणं तिथंच थांबलं. आठ नंबर म्हणजे गुरुजी. आठ जर मामाचं, तर चार...

"कुनी सांगितलं तुमाला?" मी त्याच्या अंगावर गेले. "गुरुजींचं नाव कुनी सांगितलं?"

"कोन गुरुजी?" मामा म्हणाला.

मामाचं रक्त तिथंच घेतलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने कल्याणला जाऊन, संशोधनाला लागतंय अशी थाप मारून गुरुजींचं घेतलं. "कितीदा रगत पितीस गं," असं म्हणत त्यांनी दंड पुढे केला. तोंड उघडताना त्यांना त्रास होत होता. साधा चट्टा! मी विचारलं. "हौ, जरा आखडलंय," म्हणाले.

प्रत्येक माणसाच्या DNA मध्ये काही ठिकाणी तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, आणि किती वेळा येतात ते माणसागणिक वेगळं असतं. मेंढरांच्या कानाला खुणेचे काप देतात तसंच म्हणा. रक्तातल्या खुणा आणि तुकड्यातल्या खुणा जुळल्या की तुकडा कुणाचा ते ठरतं. दोन्ही नळ्यांतले तुकडे मी विरघळवून DNA काढला. तीन दिवस लागले. शेवटी जेलच्या पातळ थरावर त्या खुणांचे पट्टे उमटले.

आठ नंबरच्या नळीतला तुकडा बिरूमामाचा होता. चार नंबरचा गुरुजींचा.

एका निरोगी माणसाचा अर्धा जबडा आम्ही कापायला निघालो होतो. आणि कॅन्सर झालेल्या माणसाला मी पेढा भरवला होता.

मी शरणूअण्णांवर तुटून पडले. कुणी केलं हे? कुणी हात लावला होता?  शरणूअण्णांनी चार नंबरची रिकामी नळी घेतली आणि नखाने तिच्यावरचं छापील लेबल सोललं. खाली शिबिरात मार्करने लिहिलेला मूळ आकडा होता, 8. मग आठ नंबरची नळी सोलली. खाली आकडा होता ४.

मराठी चार. माझ्या हातचा.

शिबिरात त्या दिवशी फाटकासमोर गुटखेवाल्याशी माझं भांडण झालं होतं. त्याच रागात आत येऊन मी पुढची बाटली-नळी लिहिली, आणि सवयीने मराठी आकडा काढला. लॅबच्या भिंतीवर 'सर्व आकडे इंग्रजीत लिहावेत' असा कागद तीन भाषांत मीच चिकटवला होता. बाटल्या-नळ्या लॅबमध्ये आल्या की छापील लेबलं लावायचं काम शरणूअण्णांचं, आणि त्यांच्या डोळ्यांना ४ म्हणजे 8. हाती दोन आठ आले, आणि चार एकही नाही. एकाचं चार झालं असणार असं धरून त्यांनी खरोखरच्या आठला चारचं लेबल लावलं, बाटलीला तसंच, नळीला तसंच.

"मला विचारायचं न्हाई का, अण्णा?"

"अय्यो अक्का, मागच्या खेपंला विचारलो की. तुमी काय म्हनलात? तीस वर्सं नोकरी करून आकडा वाचता येत नाही का, म्हनलात. चार पोरींसमोर." सोललेली लेबलं टेबलावर ठेवत म्हणाले, "मग न्हाई विचारलो."

म्हणजे सरकारला, गुटखेवाल्यांना, डॉक्टरांना, अडाणीपणाला — सगळ्यांना मी पत्रकांतून झोडपत होते, आणि गुरुजींचे नऊ आठवडे गिळले ते माझ्या अक्षराने आणि माझ्या तोंडाने. हे लिहिताना मला कुणाची सहानुभूती नको आहे. पत्रकात दोषी माणसाचं नाव पहिल्या परिच्छेदात येतं. इथे उशिरा आलं, एवढंच.

गाइड सर परत आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. दोघांचे रिपोर्ट बदलायची पत्रं त्यांनी त्याच दिवशी पाठवली, ते मान्य करते. पण पुढे म्हणाले, "थीसिसमधून दोन्ही सॅम्पल वगळ. टेक्निकल कारण लिही. आणि ते मेंढपाळाचं प्रकरण कुठे बोलू नकोस. लक आहे ते."

"सर, चोवीसात एक."

"सो?"

"वीसात एकाहून कमी शक्यता असली की आपण निकाल सिग्निफिकंट म्हणतो. पेपर पाठवतो. हा त्या हिशेबात बसतो."

"दार लावून जा," सर म्हणाले.

गुरुजींचा पुन्हा तुकडा काढला. कॅन्सर. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला, जिभेचा थोडा भाग गेला. रोग मानेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. सर्जन म्हणाले, दोन महिने आधी कदाचित नसता. कदाचित.

गुरुजींना बोलता येईना. उशाशी वही-पेन्सिल. मी कॉटशेजारी बसून सगळं सांगितलं, माझा चार, शरणूअण्णांचा आठ, सगळं. वाटलं, वही फेकून मारतील. मारायला हवी होती. त्यांनी लिहिलं, "तुझा ४ चांगला वळणदार आहे. मीच गिरवून घेतला होता." मी वऱ्हांड्यात जाऊन रडले.

बिरूमामा भेटायला आला, मी न बोलावता. 'चार नंबरवाल्याला' बघायचं होतं त्याला. दाराशी चपला काढून आत आला, गुरुजींकडे बघून म्हणाला, "व्हय. ह्येच."

गुरुजींनी भराभरा लिहिलं. मामाला वाचता येत नाही म्हणून मी मोठ्याने वाचलं, "कसं ओळखलंत?"

मामाला हसू आलं. "गुरुजी, शाळंतलं पोरगं पाठमोरं जायलंय तर तुमी वळखत न्हवता का?"

गुरुजींनी लिहिलं, "ते आख्खं पोरगं असतं. हा दाण्याएवढा तुकडा. तोही बर्फात."

"पर माजा हुता न्हवं!" मामा म्हणाला, गुरुजींना एवढं सोपं कसं कळत नाही असा चेहरा करून. गुरुजी हसायला गेले आणि टाके ओढले गेले. नर्सने आम्हाला दोघांना हाकललं.

बातमी फुटायची ती फुटलीच. लोक रिपोर्ट घेऊन माळावर मामाकडे जायला लागले, "मामा, बघा की, माजंच हाय का?" मामाने काठी उगारून त्यांना पळवलं. "मी काय दवाखाना हाय का रे?" या सदराच्या वाचकांनाही माझं हेच सांगणं आहे, आणि हात जोडून नाही, दटावून सांगणं आहे. मामाने कुणाला बरं केलेलं नाही. रोग शोधायला मेंढपाळाकडे जाऊ नका. तोंडातली जखम भरत नसेल तर दवाखान्यात जा, आणि तुकडा काढला तर नंबर कसा लिहिला तो डोळ्यांनी बघा. विचारा. खेकसलं कुणी तर पुन्हा विचारा. माझ्यासारखी कुणी असेल तर तिसऱ्यांदा विचारा.

आता जे उरतं ते. थीसिस बावीस सॅम्पलांवर गेला. गुरुजी घरी आहेत, पेज-ताक नळीने घेतात, दर दोन महिन्यांनी तपासणी असते. मी गेले की ते वही उघडतात. पहिल्याच भेटीत त्यांनी लिहिलं होतं, "पुन्हा कर. दहा वेळा कर. मग बोलू."

"करता येत नाही गुरुजी. तुकडा कुणाचा ते बघायला तो विरघळवला. आता मामाला दाखवायला काही उरलंच नाही."

"दुसरा काढ."

"त्याच्या गालातला चट्टा गेला. तंबाखू सोडली त्याने. निरोगी माणसाचा गाल कशासाठी कापू?"

त्यावर ते चिडले. खूप. पेन्सिलीचं टोक मोडलं.

तेव्हापासून दर भेटीला एक नवा तर्क वहीत तयार असतो. "शरणूअण्णांचा चेहरा बघितला असेल." ते तेव्हा त्याच्या पाठीमागे होते, आणि कुठल्या नळीत काय ते त्यांनाही माहीत नव्हतं. "पट्टी पारदर्शक?" नाही, तपासली. "नुसता योगायोग." असू शकतो. पण मग चार नंबरचं 'लई आजारी' आहे, हे? गुरुजी विचार करतात, ओळीवर काट मारतात. गेल्या रविवारी लिहिलं होतं, "वास?"

"उणे ऐंशीला वास येत नाही गुरुजी. झाकणं बंद होती."

त्यांनी त्यावरही काट मारली. पान उलटलं, पेन्सिलीला टोक केलं आणि कोऱ्या पानाकडे बघत बसले. मीही शेजारी बसले. तासभर आम्हा दोघांना काहीही सुचलं नाही.